सड्यावरची चित्रं कोणी काढली

आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या माळावर, कातळात कोरलेली चित्रं आहेत. एक मासा, एक शिंगं असलेलं जनावर, कमरेपासून खालचं नुसतं माणूस, आणि एक मोठी चौकट, जिच्या आत गुंतलेल्या रेघाच रेघा. मी लहान असताना काकांनी मला ती पहिल्यांदा दाखवली. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील नोकरीसाठी मुंबईला, म्हणून मी आणि आई काकांच्याच घरात राहत आलो.

"ह्या पांडवांनी काढलेला," काका म्हणाले होते. "एका रातीत. कोंबो आरवलो आणि अर्धा रवला." बरीच वर्षं मला तेच खरं वाटायचं.

मी कणकवलीच्या कॉलेजात गेले तेव्हा घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मीच. मला पाठवावं असं काकांनीच लावून धरलं होतं, हे मला लिहिलंच पाहिजे. दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी आमच्या सड्याचा विषय घेतला. मॅडमनी तो मान्य केला आणि एकच अट घातली. चित्रांबद्दल जितकी मतं असतील तितकी सगळी मांडायची, आणि जे मत आपल्याला आवडत नाही ते जास्त काळजीने मांडायचं.

मग मी वाचत गेले. कोणी म्हणतं, शिकार करणाऱ्या जुन्या लोकांनी जनावरं ओळखायला किंवा वश करायला ती काढली. कोणी त्या कमरेखालच्या आकृतीत मातृदेवता बघतं. कोणाला चौकटीत नकाशा दिसतो, कोणाला आकाश. मोबाइलवर तर परग्रहावरून आलेल्या लोकांचे व्हिडिओ आहेत. आणि एक मत असंही, की काही ठिकाणी अलीकडच्या गुराख्यांनी वेळ घालवायला रेघा ओढल्या असाव्यात. कातळातल्या रेघेचं वय थेट मोजता येत नाही, त्यामुळे कोणाचंच तोंड पूर्ण बंद करता येत नाही. मला स्वतःला शिकारी लोकांचं मत पटत होतं, पण ते मी ठामपणे म्हणू शकले नसते.

कसालला गाडी बदलून घरी पोचायला संध्याकाळ व्हायची. पडवीत काका काजूच्या बिया निवडत बसलेले असायचे आणि मी त्यांना दिवसभराचं सांगायचे. परग्रहवाल्यांवर ते खूप हसले.

"इतक्या लांबसून इले आणि मासो काढून गेले? बांगडे खावक इले असतले."

गुराख्यांचं मत सांगितलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. हातातल्या बिया सुपात टाकून म्हणाले, "म्हणजे गुराख्यांनी पण काढलेली असू शकतत?"

"थोडी असू शकतत. दक्षिणेकडे खेळाच्या पटासारखे खळगे आसत ना, ते तसले वाटतत. पण सगळी नाय."

"असा? परत एकदा सांग बघू."

मी परत सांगितलं. कोणीतरी मन लावून ऐकतंय याचा मला आनंद झाला होता.

त्यानंतर एका रविवारी भावकीची बैठक बसली. सडा सामाईक आहे. कोणा एकाला त्यातला तुकडाही परस्पर देता येत नाही, सगळ्यांच्या सह्या लागतात. बैठक कशासाठी ते मला माहीत नव्हतं. काका म्हणाले, "चल, तुझोय उपयोग होयत," म्हणून मी गेले. घरापुढच्या खळ्यात सगळे बसले होते. तिथे कळलं की दक्षिणेकडचा भाग चिरेखाणीला द्यायचा आहे. चिरे कापायला मशीन येणार होतं आणि बाकी सगळे तयार होते. अडून बसले होते एकटे आमचे चुलत आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे चुलत भाऊ.

"पांडवांच्या जाग्यार मशीन लावूक माझी सही मिळाची नाय," ते म्हणाले.

"मगे कौल लावया," कोणीतरी म्हणालं. "देव काय ता सांगीत."

आमच्याकडे घरात एकमत झालं नाही की देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यावर मग कोणी बोलत नाही.

"देवाक कित्याक तरास?" काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "घरातला चेडू शिकलेला आसा. तेकाच इचारूया."

"होय तर," एक चुलते आपल्या मुलांकडे बघून म्हणाले. "आमचे झील शिकान मोबाइल बघतत, ह्या चेडू शिकान दगड बघता." सगळे हसले, मीही हसले.

काका माझ्याकडे वळले. आवाज पडवीतलाच, प्रेमाचा. "सांग गो. ही चित्रां गुराख्यांनी काढलेली असू शकतत काय? व्हय काय नाय, इतक्याच सांग."

"असू शकतत, पण..."

"झाला."

"काकानू, पण सगळी नाय, ती चौकट..."

"आयकलास ना सगळ्यांनी?"

तोवर खळ्यात बोलणी सुरू झाली होती. आतून चहा आला, कप इकडून तिकडे गेले. मी आणखी दोनदा तोंड उघडलं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, फक्त चुलत आजोबा बघत होते. ते म्हणाले, "तू इतक्या शिकलंस. तू खोटा कशाक सांगशीत?" आणि सही करतो म्हणाले.

कौलाला "पण" नसतो. त्या दिवशी काकांनी मला पाषाणासारखं मधे बसवलं आणि पाकळी कुठे पडणार ते आधीच ठरवून आणलं होतं, असं मला घरी परतताना वाटलं. अजूनही वाटतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी विचारलं, "खाणीचा माका आधी कित्याक नाय सांगितलास?"

काका शांतपणे म्हणाले, "सांगितलंय असता तर तू तसा बोललं असतंस?"

मी खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी नेमकं तेच वापरलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मला राग आला असता. काकांनी केल्यावर मी नुसती गार पडले. मुंबईला वडिलांना फोन केला.

"अगो, दादान माका गेल्या महिन्यातच इचारलेल्यान," ते म्हणाले. "तुझी परीक्षा होती म्हणान तुका सांगूक नाय."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईलाही. फोनवरचं बोलणं ऐकूनही ती भांडी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी चुलत आजोबांकडे गेले आणि राहिलेलं सगळं सांगितलं. चौकट, मासा आणि जनावर वेगळ्या हाताची वाटतात, खूप जुनी वाटतात, गुराख्यांचे फक्त ते खळगे असावेत. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मगे ती पांडवांनीच काढली?"

"नाय आजोबानू. तसाय सांगूक येना नाय."

"म्हणजे माझाय खोटा आणि तुझ्या काकाचाय खोटा. मगे खरा काय ता?"

"माका ठावक नाय. कोणाकच ठावक नाय."

ते जरा हसले. "ठावक नाय म्हणान कोण सही थांबयता गो? मी पांडव म्हणत होतंय तवसर थांबलेली."

हे बरोबर आहे असं मला म्हणवत नाही.

सह्या झाल्या आणि खाणवाल्याने चुन्याने हद्दीची रेघ मारली. खळगे तिच्या आत गेले, आणि मासा आणि चौकटही. मशीन यायच्या आधी जेवढं नोंदवता येईल तेवढं नोंदवावं असं मॅडम म्हणाल्या. मी मोजायची टेप आणि झाडू घेऊन सड्यावर गेले. मासा एकटीने मोजता आला. चौकट मोठी होती. टेपवर दगड ठेवून बघितला, वाऱ्याने टेप फडफडत सुटायची आणि दगड घरंगळायचा.

काका काजूच्या बागेकडून येताना दिसले. थोडा वेळ लांब उभे राहिले, मग जवळ आले. "धरू काय?"

आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. नको म्हणावं असं वाटलं. पण नको म्हटलं असतं तर चौकट मोजायची राहिली असती, आणि ती परत कधीच मोजता आली नसती. मी टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं. ते कातळावर उकिडवे बसले आणि मी सांगेन त्या रेघेवर टोक धरत गेले. मी आकडे मोठ्याने वाचले, लिहिले, "आता हयसर" म्हणाले, पुढच्या रेघेवर गेले. त्यांनी एकदा विचारलं, ह्या गुंत्याचा अर्थ काय असेल. आधी मी चार मतं सांगितली असती. मी म्हटलं, "टेप ताणून धरा," आणि पुढचा आकडा लिहिला.