प्लाझ्मा आणि तांबडा रस्सा

आमचं लग्न अडलं होतं प्लाझ्मापाशी. मुलगा मला पसंत, मी त्याला पसंत. राहिला होता फक्त त्याच्या वडिलांचा होकार. ते मुलाला घेऊन कागलहून मला बघायला म्हणून कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या आमच्या घरी जेवायला आले. त्यांचा पत्र्याचे पार्ट ठोकायचा कारखाना. यंत्र असो की माणूस, मिनिटाला किती नग काढतो यावर त्याची किंमत.

"पोरी, तू नेमकं करतीस काय?" त्यांनी विचारलं.

मी सुटलेच. गॅसमध्ये लेसरचा फटका मारायचा, गॅसचा प्लाझ्मा होतो, त्यात लाट उठते आणि तिच्यावर इलेक्ट्रॉन बोटभर अंतरात असे सुसाट सुटतात, की साध्या यंत्राला त्यासाठी अख्खी गल्ली लागावी.

"मिनटाला किती फटकं?"

इथंच तर आमचं घोडं पेंड खातं. "एक मारायचा, मग थांबायचं."

"थांबून काय करायचं?"

"थांबायचंच."

त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलगा ताटात तोंड घालून बसला. भित्रा कुठला! माझं डोकं सणकलं.

इकडं आईचा आग्रह जोरात. पाहुण्याची वाटी रिकामी दिसली की तिला घराण्याची अब्रू गेल्यासारखं वाटतं. एक घोट घेतला की तांबडा रस्सा वाढलाच. "घ्या की पावणं, लाजताय काय!" पाहुणेही कोल्हापूरकडचेच, नको म्हणणं त्यांना कमीपणाचं. कान लाल झाले, टकलावर घाम आला, शेवटी जोराचा ठसका लागला. वाटीवर आडवा हात ठेवून ते ओरडले, "आवो वहिनी, दम धरा की! आधीचं खाली तर उतरू द्या!"

"काका, हेच!" मी ताडकन उठले. "आमच्या गॅसचं हेच दुखणं! एका फटक्यानं तो ढवळून, तापून निघतो. निवायच्या आत दुसरा मारला की इलेक्ट्रॉन भलतीकडंच जातात. तो झटक्यात कसा निवेल, सेकंदाला हजार फटके कसे पचवेल, हेच माझं काम!"

आईनं डोळे वटारले. पाहुण्यांनी रुमालानं डोळे पुसले, पण हात वाटीवर तसाच. मला राहवेना.

"मग काका, तुमचं काय ठरलं?"

"आगं थांब की! थांबायचाच पगार घेतीस न्हवं?"

मेलं, थांबणं इतकं जड मला प्रयोगशाळेत कधी गेलं नव्हतं.

ते सावकाश पाणी प्याले. मग वाटीवरचा हात काढला. आई पळी घेऊन धावली, तशी त्यांनी वाटी माझ्यापुढं सरकवली.

"वाढा आता. पर सूनबाईच्या हातनं."