नखाएवढं हत्यार

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणंदला शाळेत पेपर तपासत होते. हातातला पेपर पुरा केला, मार्क दिले, मग उठले… माणूस असं का वागतं कोण जाणे! धाकटा भाऊ माझा. वर्षभर अंथरुणाला होता, तरी मनाची तयारी कसलीच नव्हती.

आमचं गाव कुंडल. तो सांगलीला शिकला आणि पुढे चुंबकांच्या नादी लागला. चुंबकाच्या पृष्ठभागावर म्हणे उसाच्या सऱ्यांसारखे पट्टे असतात, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढे. ते बघायला पलटणीसारखे पावलाला पाऊल जुळवून चालणारे क्ष-किरण लागतात. ते आदळून विखुरले की नुसते ठिपके पडतात. त्यांवरून गणितानं चित्र उभं करायचं. "भिंग न्हाई व्हय रं?" मी विचारलं. "एवढं बारीक भिंग कोन घडवनार, आक्का? गणितच आमचं भिंग." ते चित्र एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढाच त्याचा ध्यास.

असे किरण सोडणाऱ्या परदेशातल्या यंत्रावर तीन दिवस मिळावेत म्हणून त्यानं चार वर्षं अर्ज केले. निघण्याआधी नवरात्रात गावी आला; मीही सणाला आले होते. खंडेनवमीला आमच्यात ज्याच्यावर पोट चालतं ते पुजतात, कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत. तो रानात गेला होता तेव्हा मी तिकडं न्यायच्या चुंबकाची त्याची डबी उघडली आणि आतल्या नखाएवढ्या चकचकीत तुकड्याला हळदकुंकू वाहिलं. मग वाटलं, हा ओरडंल… म्हणून पदरानं खसाखसा पुसून डबी होती तशी ठेवली. आठवड्यानं तिकडून फोन आला, "काम लय झ्याक झालं गं, आक्का." मी आळीभर पेढे वाटले.

तेराव्याला त्याचा सहकारी आला. बोलता बोलता म्हणाला, "ताई, ते तीन दिवस फुकट गेले हो. तुकड्यावर नुसते ओरखडे आणि कुंकवाचे कण. दुसरा तुकडा सोबत नव्हता. यंत्रावर पुन्हा वेळ मिळाला तेव्हा सर इस्पितळात होते. कुणी केलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही."

मीच केलं होतं ते. विलासचं चित्र मी पुसलं.

त्यानंतरच्या दोन्ही खंडेनवमींना तो मुद्दाम गावी आला होता. नवा तुकडा घातलेली डबी बंद करून स्वतःच माझ्यापुढं धरायचा. "वरनं लाव, आक्का. झाकनाला." मी आपली खूश, भावाला देव आठवायला लागला म्हणून!

ती डबी आता माझ्याकडे आहे. झाकण कुंकवानं लाल झालंय. आतला तुकडा अगदी चांगला आहे, असं तो सहकारी म्हणाला. बघणारा गेला.