चित्र आहे, आवाज नाही

माझ्या मावशीच्या यजमानांइतका चिवट माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात झाला नाही, आणि झालाच असेल तर तो कधीच कंटाळून घरी गेला असेल. काका मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करता करता निवृत्त झाले आणि सरावलीच्या दोन खोल्यांत, जुन्या कॉम्प्युटरवर टीव्ही बघण्याला त्यांनी स्वतःला वाहून घेतलं. बघण्याला कसलं, तो दिसावा म्हणून खटपट करण्याला! कॉम्प्युटर चालवायला विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स, त्यात टीव्हीचं कार्ड, आणि त्या दोघांचं जुळवून देणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. साधा टीव्ही का घेत नाही असं विचारलं की म्हणायचे, "मग मी काय करू?"

कार्ड घेताना ते दुकानातच खोकं उघडून आतल्या चिपवरचे आकडे भिंगातून वाचायचे. "खोक्यावरच्या नावाला भुलू नये. नाव तेच, आत दरवेळी वेगळी चिप." बोईसरचा दुकानदार त्यांना लांबून पाहूनच "अंकल, आज माल नहीं है" म्हणत हात जोडायचा. एवढं करून आणलेलं कार्ड लिनक्सला ओळखता येईना. अशा वेळी कार्डाचा नंबर ड्रायव्हरला आपणच सांगायचा असतो, आणि ठाऊक नसेल तर एकापासून सुरुवात करायची. काकांनी केली. दर नंबराला मशीन बंद, मशीन चालू, आणि वहीत नोंद: 'चित्र आहे, आवाज नाही.' अशी पानंच्या पानं. बातम्या देणारी बाई महिनाभर नुसते ओठ हलवत होती. "आवाज कार्डात असतोच," काका समजावत, "मुका करून ठेवलेला असतो. बरोबर नंबर सांगितला की सुटतो." एके दिवशी सुटलाही. त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले.

मग मावशीला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. ती आमच्याकडे टक लावून बघायची, ओठ हलवायची, आणि मला ते बघवत नसे. काकांनी नवी वही काढली. रोज सकाळी तिच्यासमोर बसून एकेक शब्द म्हणायचा, वाट बघायची, लिहायचं. पाणी. चहा. देव. साताऱ्याच्या नणंदेचं नाव. सहा महिने वहीत तेच एक वाक्य होतं. न राहवून मी म्हटलं, "काका, आता पुरे." ते म्हणाले, "शब्द संपलेत का?"

मावशी इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची, मासळीवर वाढलेली. पण काकांना मासळीचा वास सोसत नाही, म्हणून लग्नानंतर तिने मासे सोडले. नेहमीची कोळीण या दारापुढे हाळीसुद्धा देत नसे. एकदा ती कोळीण आजारी पडली आणि तिची सून फेरीला आली. तिला बिचारीला काय ठाऊक! तिने टोपली थेट काकांच्या उंबऱ्यावर उतरवली.

"घे गो बाय, ताजे बोंबील हायत."

मावशी वहीसमोर बसली होती; मी त्या दिवशी आलो होतो, आत चहा करत होतो. ती उठून दाराशी गेली, एक बोंबील दाबून पाहिला, आणि स्वच्छ म्हणाली, "ताजं नाय हे. कालचं हाय."

काकांच्या हातातलं पेन गळून पडलं. मी चहा उतू जायला सोडून धावलो. कोळिणीच्या सुनेला मात्र अपमान झोंबला. "आज सकाळचंच हाय!" "नाय," मावशी म्हणाली. काकांनी अख्खी टोपली घेतली आणि दारातच रडले.

मावशीकडे आज वीसेक शब्द आहेत, त्यातले बहुतेक भांडणाचे. कोळीण रोज येते. काका त्या दिवसाबद्दल एकदाच बोलले. "सगळे शब्द मी माझ्या बाजूचे लावत होतो रे. आवाज होताच. मुका मीच केला होता."

परवा गेलो, तर नाकाला रुमाल बांधून काका ओट्याशी बोंबील साफ करत होते. मागून मावशी म्हणाली, "तसं नाय." काकांनी सुरी खाली ठेवली, आणि मग कसं, ते ती सांगेल म्हणून वाट बघत उभे राहिले.