पांढरं दिसायच्या आत

"गुरुजी, पांढरं दिसलं का?" असं विचारतच मास्तर आमचं फाटक उघडायचे. नमस्कार नाही, चहाला हो-नाही नाही. नजर थेट कंपाउंडच्या कडेला. पांढरं म्हणजे गाजर गवताचं फूल.

शाळेतला मास्तर मी. हे टेलर मास्तर. मलकापुरात आमच्या घरामागे राहायचे. शेजारचा प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा. मालक पुण्यात आणि गवत इथे. त्या फुलांनी माझ्या बायकोला दमा उठायचा. पावसाळा लागला की माझा जीव टांगणीला. ती जिन्यात जरा थांबली तरी मी पंप शोधत सुटायचो. माझ्या घाबरटपणाला ती हसायची, तेही दम खात खात.

फुलं यायच्या आत गवत काढायची मास्तरांची पद्धत ठरलेली. जमीन ओली असताना उकिडवं बसायचं, रोप बुडाशी चिमटीत धरायचं आणि मुळासकट काढायचं. मी एकदा विळा पुढे केला तर हसले. "आवं, कापायचं काम जन्मभर केलं म्या. ह्ये कापलं की लय फुटतंय. ह्ये उसवायचं असतंय." हातमोजे घाला म्हटलं, तर म्हणाले, "मग बोटाला मूळ कळत न्हाई."

आमच्या शाळेच्या कार्यक्रमात एकदा पाहुण्यांच्या गुच्छात गुलाबांमधे हेच पांढरे तुरे खोवलेले होते. मास्तर उठले, स्टेजवर गेले आणि पाहुण्यांच्या हातातून एकेक तुरा वेचून खिशात घातला. पाहुणे बघतच राहिले. मी मान खाली घातली, पण बरंही वाटलं.

गेल्या वर्षी ते आठवडाभर उंब्रजला लग्नाला गेले आणि तेवढ्यात प्लॉट पांढरा झाला. मला धीर निघेना. मी गवत कापणारा मशीनवाला बोलावला. तासाभरात सगळं सपाट. मी खुशीत आत आलो, तर बायको खिडकीशी बसलेली, ओठ निळे पडलेले. फुलांचा सगळा भुगा घरात आला होता. तीन दिवस दवाखान्यात काढले.

मास्तर परतले. पंधरवड्याने बुडखे फुटले, तेव्हा रोज सकाळी येऊन त्यांनी एकेक उपटला. मी दारात उभा राहून बायकोचा श्वास ऐकत असायचो. मास्तरांचे हात मी पाहिलेच नाहीत. बायकोनेच पाहिले. कोपरापर्यंत चिघळलेले, बोटं भेगाळलेली. डॉक्टर मास्तरांना म्हणाले, या गवताच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. ते हात मला दिसले नाहीत, याची मला आजही शरम वाटते.

शेवटी मास्तर घर सोडून इस्लामपूरला लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा माझा हात हातात धरून बराच वेळ उभे होते. एकेक बोट चाचपत होते. "मास्तर, माझ्यामुळं झालं हे," मी म्हणालो.

"गप ऱ्हावा. वैनींना जपा."

महिन्याने पार्सल आलं. जुन्या जीन्सचे हातमोजे, माझ्या बोटांना अगदी बरोबर. तेव्हा कळलं, त्या दिवशी ते माप घेत होते.

यंदा पाऊस झाला आणि भिंतीकडेला रोपं दिसली. फुलं अजून नाहीत. मी मोजे चढवून उकिडवा बसतो. जीन्स जाड आहे, पण अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाला मास्तरांनी पातळ मलमल लावली आहे. मूळ कळतं.