मी हल्ली नारळ फोडत नाही

“नारळ फोडूक तयार नाय ती. माका वाटता, तिका दिवस गेलेत.”

मागच्या दारी सासूबाई शेजारच्या कमलकाकींना सांगत होत्या. मी आत खिडकीखाली तांदूळ निवडत बसलेली. माझ्या पोटाची बातमी मला अशी कळली.

माझा गुन्हा आधी कबूल करते, मग तुम्हीच ठरवा. मी वाढले फोंड्याच्या फ्लॅटमध्ये. तिथे नारळ बाबा फोडायचे. लग्न होऊन डिचोलीजवळच्या या घरात आले, तर इथे रोजच्या आमटीला नारळ, आणि तो फोडायचा बाईनेच. कोयतीच्या पाठीने ठोका, की सरळ दोन वाट्या. सासूबाई हे बोलता बोलता करतात. माझा पहिला नारळ गोठ्यापर्यंत घरंगळत गेला आणि म्हैस उठून उभी राहिली. तेव्हापासून नवरा मला विहिरीमागे गुपचूप फोडून देत होता.

त्या सकाळी तो लवकर कामावर गेला. सासूबाईंनी नारळ पुढे केला. तीन महिन्यांची सून ‘येत नाही’ कसं म्हणणार? मी मान खाली घातली. “आई, मी हल्ली नाही फोडत.”

हा ‘हल्ली’ कुठून आला, देव जाणे. आमच्याकडे नारळ फोडत नाही ती पोटुशी बाई. नारळात कोंब असतो, जीव असतो, म्हणून.

आता कमलकाकी म्हणजे साध्या बाई नव्हेत. अंगणवाडीत जन्म घालवलेला. त्यांनी तपासणी सुरू केली, मला न विचारता.

“चढणीर धाप लागता तिका?”

“लागता तर.”

ओल्या कपड्यांची बादली घेऊन नदीवरून चढा, बैलालासुद्धा लागेल.

“लागतलीच. दिवसांत रक्त वाढता गो, जवळजवळ दीडपट. काळजाक दोघांचा काम.”

“चपलाय घट्ट झाल्यो हत.”

चपला मी एक नंबर लहान घेतल्या होत्या. आवडल्या म्हणून.

“सांदे सैल पडतत, पाय पसारतत. बाळाक भायर येवक वाट नको?”

“आणि दुपारची निजता.”

पहाटे पाचला उठवलेली बाई दुपारी काय करणार?

“निजां दी. आत वार तयार होता. आवशीच्या रक्तातला खाणा, हवा, सगळा वारेतसून बाळाक जाता. बाळाचा नको ता परत आवशीकडे येता. थकतली नाय?”

मला संताप कशाचा आला सांगू? काकींचं शास्त्र अगदी पक्कं होतं. रक्त, काळीज, सांधे, वार, सगळं जागच्या जागी. नव्हतं ते फक्त बाळ. आणि माझ्या सांध्यांची एवढी चौकशी चालली असताना, दहा पावलांवर बसलेल्या मला एक शब्द विचारायचं कुणाच्या मनात येत नव्हतं.

तरी मी गप्पच बसले असते. गप्प बसणं मला चांगलं जमतं. पण सासूबाई पुढे म्हणाल्या, “मगे सोमवारी पणजेक नको. त्या बसीचे धक्के. शाळेक कळवूया, येणा नाय म्हणान.”

सोमवारी माझी मुलाखत होती. बीएड झाल्यावर दोन वर्षांनी आलेलं पहिलं बोलावणं.

“आधी विहिणीक सांगतंय,” म्हणत त्यांनी फोन काढला.

मी सूप खाली ठेवलं आणि मागच्या दारी गेले. काकींनी लगेच सरकून मला बसायला पाट दिला. सासूबाईंच्या कानाशी फोन, आणि डोळ्यांत असं कौतुक, की माझा अर्धा राग तिथेच ओसरला. उरलेल्या अर्ध्यावर मी बोलले.

“फोन ठेवा, आई. मला दिवस गेलेले नाहीत, मला नारळ फोडता येत नाही. सोमवारी पणजीला जाऊ द्या, मंगळवारपासून शिकवा.”