लिफाफ्याआधीचा प्रसाद

आमच्या नगरपरिषदेत खरेदीचं टेबल माझ्याकडे आलं तेव्हा सगळ्यांनी माझी कीव केली. करवसुलीच्या टेबलावर लोक शिव्या देतात, खरेदीच्या टेबलावर गोड बोलतात, आणि गोड बोलणारा जास्त ताप देतो, असं जुने कर्मचारी सांगायचे. मला पटलं नव्हतं. झाडू, ब्लिचिंग पावडर, पथदिव्यांचे बल्ब, पंपाचे सुटे भाग, यासाठी कोण कशाला गोड बोलेल? पहिल्याच दिवाळीत कळलं की फिनेलच्या कॅनसाठीसुद्धा माणूस फराळाचं ताट घेऊन घरी येतो. मी ते दारातूनच परत पाठवलं. नवरा म्हणाला, निदान चकल्या तरी ठेवून घ्यायच्या होत्यास. मी हट्टी आहे हे आमच्या घरात नवीन नाही.

मासळी बाजारासाठी बर्फाच्या पेट्या घ्यायच्या ठरल्या त्या वर्षीची ही गोष्ट. बाजारातल्या बायका थर्मोकोलच्या खोक्यांत बर्फ ठेवतात. ती खोकी महिन्याभरात फुटतात, बर्फाचं दुपारपर्यंत पाणी होतं, आणि उरलेली मासळी सुकटीवाल्याला तो म्हणेल त्या भावाने द्यावी लागते. म्हणून जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या पेट्यांसाठी अनुदान आलं. मार्चअखेर खर्च झालं नाही तर परत जाणार, ही नेहमीची अट होतीच.

बाजाराच्या इमारतीत ओटे आहेत आणि ओट्यांवर बसणाऱ्या बायकांना परवाना आहे. बाहेर, रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून बसणाऱ्या आणखी काही जणी आहेत, त्यांना ओटा नाही. पेट्या आधी आतल्यांना द्यायच्या, आणि दर उतरून पैसे उरले तर बाहेरच्यांना, असा ठराव झाला होता. बाहेर बसणाऱ्यांत माझी आत्या होती. ओटे वाटले त्या वर्षी ती आजारी पडून अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्या वतीने अर्ज करायचं कुणाला सुचलं नाही. तेव्हापासून ती उन्हात बसते. तिच्याकडे पेटी यावी असं मला वाटत होतं. का वाटू नये? तिने मला शाळेत असताना माशांच्या पाटीच्या पैशांतून पुस्तकं घेऊन दिली होती. पण ती यावी तर दर उतरूनच यावी, एवढं मी स्वतःला बजावलं होतं.

निविदा निघाली. तिघांनी भरली: एक महामार्गावरचा कणकवलीकडचा, एक कुडाळचा आणि तिसरा आमच्याच बाजारपेठेतला, ज्याच्या दुकानात पाइप, ड्रम, जाळी, दोर सगळं मिळतं. हल्ली निविदा संगणकावर भरतात, तरी आम्ही अजून लिफाफाच म्हणतो. पहिल्या लिफाफ्यात कागदपत्रं आणि मालाची माहिती. ती तपासून जे पात्र ठरतात त्यांचाच दुसरा, म्हणजे दराचा, लिफाफा उघडायचा. तोपर्यंत कुणी काय दर दिलाय हे मुख्याधिकाऱ्यांनाही दिसत नाही. तिघंही पात्र ठरले. दुसरा लिफाफा सोमवारी उघडायचा होता.

शुक्रवारी दुपारी आमच्या बाजारपेठेतला दुकानदार कार्यालयात आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, कपाळाला अंगारा, हातात केळीच्या पानात बांधलेला प्रसाद. शिपायापासून सुरुवात करून त्याने प्रत्येक टेबलावर खोबरं आणि गूळ ठेवला. साहेबांच्या केबिनमध्येही देऊन आला. मीही हात पुढे केला. देवाचा प्रसाद नाकारायचा नसतो.

मग मी सहज विचारलं, काका, कसलो प्रसाद?

"पेट्यांचो गो," तो म्हणाला. "आमी तिगांनी मिळान देवाक कौल लावलो. आपापसात भांडान काय उपेग? देवान माका उजवो कौल दिल्यान. आता सोमवारी उघडूचा ता नावापुरता."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी औषधालाही नव्हती. आमच्याकडे होडी समुद्रात ढकलायची, विहीर खणायची, मुलीचं लग्न ठरवायचं, सगळं देवाला विचारून होतं. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली की होकार. माझ्या लग्नाचासुद्धा कौल घेतला होता. या तिघांना वाटलं, तेच इथेही करावं. ज्याच्या बाजूने कौल, त्याने हवा तो दर भरायचा. बाकीच्या दोघांनी त्याच्यावर चढवून भरायचा. भांडण नाही, तंटा नाही, देवाच्या साक्षीने सगळं निर्मळ. आणि निर्मळ म्हणून तर तो प्रसाद घेऊन आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शहरातले ठेकेदार असलं काही करतात तेव्हा हॉटेलात बसून करतात आणि कुणाला ताकास तूर लागू देत नाहीत.

माझ्या तोंडात खोबरं तसंच राहिलं. मी सरळ साहेबांकडे गेले.

आमचे मुख्याधिकारी घाटावरचे, वयाने माझ्याहून लहान, नोकरीत नवीन. कौल म्हणजे काय हेच आधी त्यांना समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ते हसले आणि मग हसायचे थांबले. पुरावा काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुरावा तुमच्या टेबलावर आहे, मुंग्या लागायच्या आत बघा. त्यांनी प्रसादाकडे पाहिलं. फेरनिविदा काढायची तर मार्च हातचा जाईल, अनुदान परत गेलं तर बायका मोर्चा घेऊन येतील, आणि मोर्चा माझ्या केबिनवर येईल, तुमच्या टेबलावर नाही, असं ते म्हणाले. ते चूक नव्हते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आमच्याकडे कुणी थट्टेने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतात.

पण प्रत्येक निविदेच्या शेवटी एक ओळ छापलेली असते: कोणतेही कारण न देता सर्व निविदा रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे. वर्षानुवर्षं ती ओळ आम्ही छापतो आणि कधी वापरत नाही. मी ती त्यांना दाखवली. अल्पमुदतीची सूचना काढली तर मार्चच्या आत बसवता येईल, ते बसवणं माझ्यावर सोडा, असंही म्हटलं.  ते म्हणाले, मॅडम, आधी बाजारातल्या बायकांना तुम्ही सांगा; त्या ओरडल्या नाहीत तर मी सही करतो. आपलं ओझं माझ्या डोक्यावर देण्याची ही युक्ती मला कळली, पण मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले. बायकांना बातमी आधीच लागलेली. आत्याच सगळ्यांच्या पुढे होती, कमरेवर हात ठेवून. देवाने दिलेलं मोडायला निघालीस, तुला शिकवून चुकले, असं ती सगळ्यांसमोर बोलली. आतल्या ओट्यावरच्या बायकांचं म्हणणं सरळ होतं: त्यांना पेट्या मिळणारच होत्या, दर काहीही असो, मग बाहेरच्यांसाठी त्यांनी का थांबावं? एक म्हणाली, पेटी आली तर आली, नाहीतर हा उन्हाळाही पाण्यात.  नियमाचं सांगू लागले तर एकीचाही कान माझ्याकडे नव्हता. मग मी आत्याकडे वळले, आणि जे बोलायचं ते तिला बोलले.

"आत्ये, रापण ओढून माशे वाळयेर इले, आणि लिलाव व्हच्या आधी सगळ्या व्यापाऱ्यांनी देवळात जावन कौल लावलो, आज एकट्यान बोली बोलूची, बाकीच्यांनी गप ऱ्हवचा. चलात काय तुमका?"

रापण म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. त्यात आत्याच्या मुलाचा वाटा आहे, आणि बाजारातल्या निम्म्या बायकांच्या घरचे त्याच जाळ्यावर जगतात. वाळूवर लिलाव होतो तेव्हा प्रत्येक जण मोठ्याने बोली लावतो आणि सगळं गाव ऐकतं. तिथे एखादा व्यापारी दुसऱ्याच्या कानात बोलताना दिसला तरी रापणकार आरडाओरडा करतात.

आत्याने कमरेवरचे हात काढले. माशीवर फडकं मारल्यासारखं करून म्हणाली, "रापणकारांनी वाळूत पुरल्यानी असते त्यांका."

मग ती माझ्याशी नाही, बायकांशी बोलायला लागली, आणि मी बाजूला झाले. आतल्यांना तिने काय सांगितलं, किती खरं, किती तिखटमीठ लावून, ते मला सगळं ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळाने दोन ओट्यांवरच्या बायका येऊन म्हणाल्या, मार्च चुकवू नकोस म्हणजे झालं. साहेबांनी सोमवारी, दुसरा लिफाफा उघडायच्या आधीच, निविदा रद्द करण्यावर सही केली.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. सूचना पुन्हा लावली, वर्तमानपत्रात दिली, आणि जिल्ह्यात आणि बाहेर असा माल विकणारे जेवढे सापडले तेवढ्यांना फोन करून एकच वाक्य सांगितलं: निविदा निघाली आहे, वाचा आणि भरायची तर भरा. कुणी चहाला या म्हटलं की फोन ठेवला. शिरोड्यापासून दोडामार्गापर्यंत माझं नाव खडूस म्हणून पोचलं असेल. पोचू दे.

मधेच समितीच्या बैठकीत एका नगरसेवकाने तोंड उघडलं. मॅडमची आत्या बाहेर बसते ना, त्याने विचारलं, मग दर पाडायची एवढी घाई कुणासाठी?  मला राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली, कारण आत्या बाहेर बसते हे खरं होतं आणि तिला पेटी मिळावी हेही मला खरंच वाटत होतं. मी तिथेच सांगितलं, आणि नंतर टिपणीतही लिहिलं, की वाटपात माझी आत्या सगळ्यात शेवटी. सगळ्यांना मिळून उरली तर तिला. साहेब म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, आहे.

या वेळी पाच जणांनी निविदा भरली. नमुन्याच्या पेट्या मागवल्या, बर्फ भरून कार्यालयाच्या अंगणात उन्हात मांडल्या, आणि आत्यासकट चार बायकांना बघायला बोलावलं. नव्याने भरणाऱ्यांपैकी दोडामार्गाच्या एकाच्या पेटीचं झाकणच नीट बसेना. ती बाद झाली. कणकवलीकडच्याने या वेळी आधीच्या कागदांत लिहिली होती त्यापेक्षा जाड पेटी आणली होती. संध्याकाळपर्यंत अंगणात एवढं पाणी झालं की शिपाई चिडला.

दराचा लिफाफा उघडला तेव्हा सगळ्यात कमी दर कुणाचा होता? आमच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराचाच. फक्त आता तो आमच्या अंदाजपत्रकातल्या दरापेक्षा बराच खाली होता. खुर्चीतून उठून तो माझ्याकडे बघत म्हणाला, बघ, देव खोटो पडूक नाय. मी म्हटलं, देवान नाव सांगल्यान, दर सांगूक नाय. तोही हसला. माणूस वाईट नव्हताच. माल त्याने वेळेत दिला आणि चांगला दिला.

मार्च संपायच्या आत टेम्पोतून पेट्या आल्या. आतल्या सगळ्यांना मिळाल्या. मग बाहेरच्यांची नावं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक जण आपली पेटी उचलून नेत होती, कुणी झाकण उघडून आत हात घालून बघत होती, कुणी त्यावर बसून. मी पेट्यांकडे बघत होते आणि नावांकडे बघत होते, आणि शेवटची दोन नावं उरली तेव्हाच मला कळलं. एक पेटी आणि दोन बायका. मी आधीचं नाव वाचलं.

साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, कुठून तरी बसवू. मी नको म्हटलं.  आत्याने रिकामा झालेला टेम्पो बघितला, पदर खोचला आणि आपल्या ताडपत्रीखाली जाऊन बसली. त्याच आठवड्यात मी बाहेरच्या बायकांना ओटे द्यावेत असा प्रस्ताव तयार करून साहेबांपुढे ठेवला. त्याचं अजून काही झालेलं नाही, पण दर बैठकीला मी तो वर काढते.

बरेच दिवस आत्याकडे जायचं माझं धैर्य झालं नाही. शेवटी एका सकाळी गेले. तिचं थर्मोकोलचं खोकं सुतळीने बांधलेलं होतं, बर्फाचं पाणी रस्त्यावर वाहत होतं. मी बांगड्याचा एक वाटा मागितला. लहानपणापासून ती मला वाटा बांधून देताना वर एक मासा जास्त टाकते. या वेळी तिने वाटा मोजला, कागदात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत टाकला.

"वर एक घालूचंय नाय," ती म्हणाली. "उद्या कोण तरी म्हणात, आत्येन भाचयेक जास्ती दिल्यान."

मी पूर्ण पैसे दिले. तिने ते घेतले.