तिनं आधीच सांगितलं होतं

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. समता कॉलोनीतला माझा त्वचारोगांचा दवाखाना चांगला चालायला लागला होता, आणि एका मोठ्या इस्पितळातूनही मला बोलावणी येत. तसंच एकदा बीरगांवच्या एका बाईसाठी बोलावणं आलं. माहेर अमरावतीकडचं, नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये. तिला रक्ताचा कर्करोग, झपाट्यानं वाढणारा. केमो सुरू होऊन चार दिवस झाले होते. अंगात ताप. मानेवर, दंडांवर लालभडक फुगीर चट्टे, बोट लावलं तरी कळवळायची.

"औषधाची रिअ‍ॅक्शन," मी उभ्या उभ्याच म्हणालो.

"पण साहेब, हे तर केमोच्या आधीपासून हाये," ती म्हणाली.

"तेव्हाचं वेगळं असेल."

दवाखान्यात पेशंट खोळंबले होते. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला हवा होता, पण प्लेटलेट कमी आहेत, रक्त थांबणार नाही, अशी सबब मी मनाशी पुढे केली. माझ्या शब्दावर केमो थांबली.

त्यानंतर पाचव्या दिवशी ताप तसाच होता आणि चट्टे गालापर्यंत चढले होते. नवऱ्यानं पिशवीतून एक कागद काढला. माझीच चिठ्ठी! महिन्यापूर्वी ती माझ्या दवाखान्यात येऊन गेली होती. 'किडा चावला' असं लिहून मी मलम दिलं होतं. रक्त तपासायला सांगितलं नव्हतं, आणि आता तिचा चेहराही मला ओळखू आला नव्हता.

"मीच पाहिलं होतं, हे त्या दिवशी का नाही सांगितलं?" मी तिला विचारलं.

"चार लोकांसमोर तुमाले वाईट वाटलं असतं," ती म्हणाली.

त्याच दुपारी प्लेटलेट चढवून मी तुकडा काढला आणि जखम अर्धा तास स्वतः दाबून धरली. रिपोर्ट आला: त्वचेत पांढऱ्या पेशींची दाटी, जंतू नाहीत. ना औषधाची रिअ‍ॅक्शन, ना किडा. मूळ आजारानंच त्वचेत पेटवलेली सूज. स्टेरॉइड दिल्यावर दोन दिवसांत ताप उतरला, चट्टे मावळू लागले. केमो पुन्हा सुरू झाली.

ती घरी गेली. आठ महिन्यांनी आजार उलटला आणि त्यात ती गेली. वाया गेलेल्या दिवसांनी फरक पडला का, असं मी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारलं. "कहना मुश्किल है," एवढंच ते म्हणाले.

नंतर एकदा नवरा दवाखान्यात आला, हात जोडून म्हणाला, "तिचा ताप तुमीच उतरवला होता, साहेब."

तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी चहा मागवला. चहा पिऊन तो ड्यूटीवर गेला.